घरचं दळण शेवटी

आमच्या घरात पिठाला कधी तोटा नव्हता. पुढच्या अंगाला गिरणी, मधे अंगण आणि मागे आमच्या तीन खोल्या. दारावरचा पडदा, दोरीवरचे कपडे, मामांच्या भुवया, सगळ्यावर दिवसभर पीठ बसायचं. मामा म्हणजे माझे सासरे. ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि तिथं तीस वर्षं त्यांचीच गिरणी चालते. अशा घरातली माझी लेक चार वर्षांची झाली तरी दोन वर्षांच्या मुलीचे कपडे तिला सैल व्हायचे. मी हे कोणाला सांगत नव्हते, पण गावाला डोळे होते.

दळण घेऊन आलेल्या बाया नंबर लागेपर्यंत आमच्या ओट्यावर बसायच्या आणि तिच्याकडं बघत राहायच्या. "बाई, गिरणीवाल्याच्या घरचं लेकरू अन् असं वाळलेलं?" एकीनं नजर काढायला सांगितली. दुसरीनं जंताचं औषध सुचवलं. तिसरी सगळ्यात हुशार, तिनं मला पुन्हा दिवस राहिलेत का असं चारचौघींत विचारलं. मी नजर काढली, जंताचं औषध दोनदा पाजलं आणि त्या तिसरीला पुढचा महिनाभर बसायला पोतं टाकलं नाही. माझा स्वभाव असाच आहे, तो लपवून काय करू?

पण मनातून मी घाबरले होते. लेकीचे हातपाय काड्यांसारखे झाले होते आणि पोट मात्र पुढं आलेलं. दिवसातून चार-पाच वेळा शौचाला व्हायची. पातळ, चिकट, घाण वासाची, पाणी ओतलं तरी धुऊन जायची नाही. अंगणात इतर पोरं लगोरी खेळायला लागली की ही दोन फेऱ्या पळायची आणि भिंतीला टेकून बसायची. रक्त कमी म्हणून लोहाचं सिरप चालू होतं. त्यानं दात काळे झाले, रक्त काही वाढलं नाही. अंगणवाडीच्या तक्त्यावर तिच्या वजनाची रेघ आठ महिने आडवी पडून होती. ताई दर महिन्याला वजन करायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि काही न बोलता आकडा लिहायच्या. त्यांचं ते न बोलणं मला बायांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

तिला खाऊ घालण्यात मात्र आम्ही कसर ठेवली नव्हती. मामांच्या लहानपणी घरात बारा महिने ज्वारीची भाकरी असायची, गहू दिसायचा तो सणाला. पाहुणा आला किंवा दिवाळी आली तरच पोळी. त्यामुळे त्यांच्या लेखी पोळी म्हणजे माया. नात झाली त्या वर्षीच त्यांनी ठरवलं होतं की ही पोरगी रोज पोळी खाईल. चांगल्यातला गहू निवडून ते स्वतः बारीक दळायचे. सकाळी दुधात पोळी कुस्करून, वर गूळ घालून तिला मांडीवर घेऊन भरवायचे. ती चार घास खाऊन तोंड फिरवायची. मग मामा म्हणायचे, "अशक्तपणा आलाय, उद्या शिरा कर." मी शिरा करायची. ती जितकी वाळत गेली तितका गहू आम्ही तिच्या पोटात घालत गेलो. आणि आम्ही दोघं हे मनापासून करत होतो.

शेवटी मी हट्टानं तिला परभणीला लहान मुलांच्या डॉक्टरकडं नेलं. मॅडम वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला सरळ. त्यांनी पोरीला तपासलं, पोटावर बोटं वाजवून पाहिली आणि मला म्हणाल्या, "औषध नंतर देते. आधी एक वही करा. ती दिवसभरात काय काय खाते आणि शौचाला कशी होते, पंधरा दिवस लिहून आणा. काही सोडू नका."

वही केली. आणि पहिले चार दिवस मी वहीत खोटं लिहिलं. वरण-भात, मेथी, उकडलेलं अंडं, केळं. म्हणजे अगदीच खोटं नाही, पण चांगल्या आईच्या घरात जे व्हायला पाहिजे ते आधी लिहिलं आणि जे झालं ते गाळलं. डॉक्टर परीक्षा घेणार आहेत असंच मला वाटत होतं. नवऱ्यानं एकदा वही वाचली आणि म्हणाला, "ही कोणाची पोरगी हाय? हिला आपल्या घरी आणू, लय शहाणी दिसते." मला राग आला, पण हसूही आलं. पाचव्या दिवसापासून खरं लिहायला लागले. सकाळी चहात चार बिस्किटं. दहाला दूध-पोळी. दुपारी पोळीचा तुकडा आणि भात. चारला टोस्ट. संध्याकाळी शेवयाची खीर. गिऱ्हाइकानं हातावर ठेवलेली खारी.

मॅडमनी वही वाचली. पहिल्या चार दिवसांची पानं त्यांनी नुसती उलटली आणि काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पुढच्या पानांवर मात्र त्यांनी लाल पेनानं गोल करायला सुरुवात केली. बिस्किट, पोळी, टोस्ट, शेवया, खारी, शिरा. पान लाल झालं. मग वही माझ्यापुढं सरकवून त्या म्हणाल्या, "यात गहू नसलेला एक दिवस मला दाखवा."

मी शोधला. नव्हता.

रक्ताची तपासणी झाली. मी लगेच गहू बंद करायला निघाले होते, पण त्यांनी थांबवलं. तपास पूर्ण होईपर्यंत खाणं होतं तसंच ठेवा, नाहीतर आजार लपून बसेल आणि आपल्याला कळणार नाही, असं सांगितलं. तो महिना माझ्यासाठी सगळ्यात वाईट होता. संशय आलेली वस्तू रोज आपल्या हातानं लेकराला भरवायची. रक्ताचा रिपोर्ट संशय वाढवणारा आला, मग नांदेडला नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायचं ठरलं. माझं माहेर चुडाव्याचं. आदल्या दिवशी तिथं मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो. पोरगी खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर मोजत होती. तिला भूल देताना नवरा बाहेर व्हरांड्यात निघून गेला. मी आत थांबले, कारण कोणीतरी थांबायला पाहिजे होतं.

निदान पक्कं झालं. मॅडमनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक मखमलीसारखे केस असतात, अन्न शोषतात ते तेच. माझ्या लेकीच्या शरीराला गहू सोसत नाही, गहू पोटात गेला की ते केस झिजून सपाट होतात. मग वरून कितीही घाला, अंगी लागत नाही. याला सिलिॲक म्हणतात. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं, मी वहीत लिहून घेतलं. औषध एकच, गहू बंद. रवा, मैदा, बिस्किट, पाव, सातू, सगळं बंद, आणि कायमचं. "पण आतडं पुन्हा भरून येतं," त्या म्हणाल्या. "लहान आहे. लवकर येईल."

मी विचारलं, "मग खायचं काय हिनं?"

मॅडम हसल्या. "परभणी जिल्ह्यात राहून मला विचारता? ज्वारी खा."

परतीच्या एसटीत मला इतकं हलकं वाटत होतं की मी शेजारच्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. ज्वारी तर आमच्या वावरात होती. बाजरी होती, तांदूळ होता, डाळी होत्या. दुसऱ्याच दिवशी मी घरातलं प्रत्येक पाकीट उलटून वाचलं. हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडलं, ती डबी शेजारणीला देऊन टाकली. मॅडमनी पोरीचं दळण वेगळं ठेवायला सांगितलं होतं. आम्ही तिच्या ज्वारीचं पोतं वेगळं काढलं, स्टीलचा नवा डबा आणला, त्याला लाल दोरा बांधला. झालं वेगळं, असं आम्हाला वाटलं.

मामांना मात्र पटत नव्हतं. "गव्हानं कोण आजारी पडतंय? दुनिया गहू खायलीय," ते म्हणाले. मी कागदावरचं चित्र त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "लेकराच्या पोटात जाऊन बघितलंय का त्यांनी?" मी म्हटलं, हो, नळी घालून बघितलंय. त्या दिवसापासून दूध-पोळी बंद झाली.

पहिल्या महिन्यात फरक पडला. पोट उतरलं. शौचाला दोनदाच व्हायला लागली. एका सकाळी तिनं आपणहून भाकरीचा पापुद्रा मागितला, तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले. वजन दोन महिन्यांत अर्धा किलो वाढलं आणि मग तिथंच अडकलं. आठवडाभर बरं जायचं आणि मधेच दोन-तीन दिवस पुन्हा तेच. पातळ शौच, फुगलेलं पोट, भिंतीला टेकून बसणं. मी वही चालूच ठेवली होती. वहीत सगळं स्वच्छ होतं. भाकरी, वरण, भात, भाजी, दूध. मग गहू येत होता कुठून?

माझं डोकं एकाच जागी गेलं. मामा. दिवसभर पोरगी त्यांच्या मागं मागं असायची. ओट्यावर खारी-बिस्किटाचे पुडे घेऊन बाया बसायच्या, आणि मामांना नातीनं तोंड वेंगाडलेलं बघवत नसे. एका दुपारी पोरीला तिसऱ्यांदा धुऊन मी तशीच ओल्या हातानं गिरणीत गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मामा, तुमीच तिला चोरून देता. खरं सांगा, काय दिलं आज?"

त्यांनी पिठाच्या डब्यावरचा हात काढला. "म्या?" एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा दळायला लागले.

त्या दिवसापासून त्यांनी तिला मांडीवर घेणं सोडलं. ती "आबा, आबा" करत गेली की म्हणायचे, "आईकडं जा, माय." जेवायला ताट गिरणीतच मागवायचे. नवरा माझ्यावर चिडला होता, पण बोलत नव्हता, आणि मला तर कोणी बोललंच नाही तर भांडताही येत नाही. घरात तीन मोठी माणसं तीन दिशांना तोंड करून होती आणि पोरीचं पोट काही सुधारत नव्हतं. म्हणजे मामांनी मांडी सोडली तरी दुखणं होतंच. हे ध्यानात आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, पण कबूल करायला जीभ उचलेना.

मग मी वही पहिल्यापासून वाचायला घेतली. खराब दिवसांवर लाल खूण केली. मला सगळंच लिहायची सवय लागली होती, त्यामुळे वहीत "आज नवं दळण" असंही लिहिलेलं होतं. खुणा करता करता दिसलं की खराब दिवस नव्या दळणाच्या आधीच येतात, म्हणजे डबा संपत आला की. दर वेळी. नवं दळण आलं की बरं, डबा तळाला गेला की आजार. मला वाटलं, सापडलं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, चव कडवट होते, भाकरी थापताना चिरते. शिळ्या पिठाचाच दोष. मी डबा अर्धाच भरायला लागले, चार-पाच दिवसांपुरता.

तर आता चौथ्या-पाचव्या दिवशी त्रास व्हायला लागला.

पाच दिवसांत पीठ शिळं होत नाही. मी वही घेऊन ओसरीवर बसले आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. पीठ ताजं असो की जुनं, तळ आला की पोरगी आजारी. तो नुसता हं हं करत होता. लाईट गेली होती म्हणून गिरणी बंद होती आणि मामा गिरणीच्या दारात बसून ऐकत होते, हे मला माहीत नव्हतं. ते उठून आले. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"डबा आण बरं तिचा."

डब्यात चार-सहा मुठी पीठ उरलं होतं. त्यांनी हात स्वच्छ धुतले, पुसले, अगदी तळातलं चिमूटभर पीठ घेतलं आणि अंगठा आणि बोटामधे चोळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. तीस वर्षं त्या बोटांतून गावाचं पीठ गेलेलं आहे. डोळे मिटून सांगतात, कुठल्या ज्वारीचं, किती बारीक.

"ह्याच्यात गहू हाय," ते म्हणाले.

मामा खाली बसले आणि हळूहळू बोलायला लागले. गिरणीतून जे पीठ आधी पडतं ते डब्याच्या तळाला जातं. आणि आधी पडतं ते आधीच्या माणसाचं. दगडाच्या खाचांत, कापडी नळीत मागच्या दळणाचं मूठभर पीठ अडकलेलं असतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. गव्हात ज्वारी पडली तर पोळ्या काळ्या होतात, बाया भांडायला येतात. म्हणून ते दिवसभर जपतात, आधी सगळी ज्वारी उरकतात, मधे मूठभर गहू दळून बाजूला काढतात आणि मगच गहूवाल्यांना घेतात. ज्वारीत थोडा गहू पडला तर कोणी तक्रार करत नाही, उलट भाकरी छान थापली जाते.

"अन् आपलं दळण कवा होतंय?" त्यांनी मला विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, कारण मामांना त्याचा अभिमान होता. गिऱ्हाईक आधी, घर नंतर. लाईट जाऊ दे, पाऊस येऊ दे, दारातला शेवटचा डबा दळून झाल्याशिवाय त्यांनी तीस वर्षांत घरचं दळण टाकलं नव्हतं. घरचं दळण शेवटी, म्हणजे सगळ्या गावाच्या गव्हानंतर.

"म्याच घातला तिच्या पोटात," मामा म्हणाले. "तू म्हणलीस ते खोटं न्हाई, बाई. देत म्याच होतो. फक्त मला ठाव नव्हतं." आणि त्यांनी त्याच पिठाच्या हातानं डोळे पुसले.

मी तेव्हा माफी मागायला पाहिजे होती. जमलं नाही. त्या दुपारी त्यांच्या वरणावर तूप जरा जास्त घातलं आणि ताट गिरणीत न नेता ओसरीवर वाढलं. ते येऊन बसले. पोरगी नेहमीसारखी त्यांच्या मांडीत जाऊन बसली, तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. आज लिहिते आहे, माझं चुकलं होतं. चार लोकांसमोर बोलले होते, म्हणून चार लोकांनी वाचावं अशा ठिकाणी लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी एक गोष्ट केली जी ते महिन्यातून दोनदाच करतात. एकादशीच्या आदल्या दिवशी गावातल्या बाया उपवासाची भगर दळायला आणतात. त्यात धान्याचा कण गेला तर उपवास मोडायचा, म्हणून मामा गिरणी पूर्ण उघडतात, दगड ब्रशनं झाडतात, कापडी नळी नवी लावतात आणि पहिली दोन ओंजळ भगर दळून म्हशीला टाकतात. मगच बायांचं दळण घेतात. त्या सकाळी एकादशी नव्हती. पट्टा उतरवून दगडाच्या खाचा कोरताना ते स्वतःशीच बोलत होते. "गावचा उपास मोडू नये म्हणून एवढं करतो मी. घरचं लेकरू ध्यानात आलं न्हाई." लेकीची ज्वारी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी दळली गेली. दारात थांबलेल्या बायांना त्यांनी सांगितलं, "थांबा जरा, आज आमचं पहिलं हाय."

पुढच्या तपासणीला मामा स्वतः परभणीला आले. त्यांनी मॅडमना एकादशीची सगळी रीत सांगितली, अगदी म्हशीला टाकलेल्या ओंजळीसकट. मॅडमनी मन लावून ऐकली. मग म्हणाल्या, "बाबा, तुमची एकादशी चांगलीच आहे. उपवासाला ती पुरते. या पोरीला नाही पुरायची. हिला कणभरही गहू नको, आणि तुमच्या गिरणीत तर हवेतच गहू आहे. हिच्यासाठी वेगळी चक्की बघा, गव्हाच्या खोलीपासून लांब."

वेगळी चक्की म्हणजे काय, ते मामांना न सांगता कळलं. घरघंटी. ते लहान कपाटाएवढं विजेवर चालणारं यंत्र गावात एकेका घरात यायला लागल्यापासून मामांच्या दारातली रांग आखूड झाली होती. त्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती. "ते दळायचं यंत्र न्हाई, पोरांचं खेळणं हाय," असं ते म्हणायचे, आणि ज्या घरात घरघंटी आली त्या घरी हळदी-कुंकवाला जातानाही मला त्यांची नजर चुकवावी लागायची. परतताना एसटीत मी विषय काढला नाही. हा माणूस काही ऐकायचा नाही असं मी धरून चालले होते.

चार दिवसांनी, ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी, त्यांनी गिरणीला कुलूप घातलं. बाजारच्या दिवशी गिरणी बंद मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. धुतलेलं धोतर नेसून, नवऱ्याला गाडीवर पुढं बसवून परभणीला गेले. दुपारी परत आले ते मागून एक ॲपे रिक्षा घेऊन. रिक्षात पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोरीनं बांधलेली घरघंटी.

दारात पाच-सहा माणसं दळणाचे डबे घेऊन ताटकळत होती. त्यांनी खोक्यावरचं चित्र बघितलं आणि एकमेकांकडं बघितलं. एकजण हसत म्हणाला, "काय मामा, गिरणीवाल्याच्या घरी घरघंटी?"

मामांचा राग मला ठाऊक होता. पण ते खोक्याला हात लावून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हां. माझ्या गिरणीतलं पीठ माझ्या नातीला चालत न्हाई. तिला गव्हाचा आजार हाय. तुमच्या घरात कोणाचं लेकरू खाऊन खाऊन वाळत असंल तर मला येऊन इचारा, डॉक्टरचं नाव सांगतो. अन् आता जरा हात लावा, जड हाय."

हसणाऱ्यानंच पुढून धरली.

घरघंटी मागच्या खोलीत, गिरणीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीला लावली. तिच्यात ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ याशिवाय काही पडायचं नाही असा मामांचा हुकूम आहे, आणि तो माझ्यावरही चालतो. पिठाचे कपडे घालून ते त्या खोलीत येत नाहीत. दुपारी गिरणी बंद केली की आधी अंघोळ, मग धुतलेले कपडे, मग नात. थंडीत दोन-दोन अंघोळ्या करताना कुरकुरतात, मॅडमच्या नावानं काहीबाही पुटपुटतात, पण चुकवत नाहीत. पोरगी अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडते, "आबा, न्हाऊन या लवकर." पहिल्या दिवशी घरघंटीतलं पीठ त्यांनी बोटांत चोळून पाहिलं होतं. "ठीक हाय," म्हणाले. "आपल्याइतकं न्हाई, पण ठीक हाय."

वहीत लाल खुणा कमी होत गेल्या. आधी आठवड्यात एक, मग महिन्यात एक, मग पानंच्या पानं साधी. मी वही लिहिणं कधी सोडलं ते आठवत नाही, यापेक्षा चांगली गोष्ट मला सांगता येणार नाही. पोरीच्या गालाला रंग आला. केस दाट झाले. शाळेत घातली, तेव्हा घेतलेले बूट चार महिन्यांत आखूड झाले आणि नवे घ्यायला मी इतक्या आनंदानं दुकानात गेले की दुकानदाराला वाटलं घरात काही कार्य आहे. पुढं सगळं सरळ आहे असं मी म्हणत नाही. वाढदिवस आहेत, सहली आहेत, कधीतरी सासर येईल, आणि गहू सगळीकडं आहे. पण आता गहू कुठून येतो ते आम्हाला माहीत आहे, आणि तिलाही.

मागच्या उन्हाळ्यात पाथरीला नात्यातलं लग्न होतं. लग्नाला जाताना मी दोन डबे बांधते, एक पोरीचा, एक मामांचा. मामांना कोणी मनाई केलेली नाही. पण लेकरानं एकटीनं डब्यातलं खायचं आणि आपण शेजारी बसून पुऱ्या झोडायच्या, हे त्यांना पटत नाही, म्हणून ते पंगतीत तिच्या शेजारी बसून भाकरीच खातात. वाढपी पुऱ्यांचं टोपलं घेऊन आला. पोरीनं आपल्या पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि म्हणाली, "मला गहू चालत न्हाई." मामांनीही तसेच हात धरले. वाढपी दोघांकडं बघून पुढं गेला.

पोरीच्या डब्यात दीड भाकरी होती, भेंडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. मी समोरच्या पंगतीत बसून बघत होते. तिनं दीड भाकरी संपवली, चटणी बोटानं पुसून खाल्ली आणि मामांच्या पानाकडं बघायला लागली. तिथं अजून एक भाकरी शाबूत होती.

"आबा, तुमची खाऊ?"

मामांनी भाकरी उचलून तिच्या पानात ठेवली. तिनं तीही अर्ध्याच्या वर संपवली. मामांच्या पानात नुसती भाजी उरली होती, ती त्यांनी बोटांनी खाल्ली आणि पाणी पिऊन उठले. हात धुवायला माझ्या शेजारून जाताना म्हणाले, "पुढच्या लग्नापासून माझ्या डब्यात तिच्यासाठी एक जास्तीची टाकत जा, बाई. आज मी उपाशीच हाय." आणि हे सांगताना त्यांच्या तोंडभर हसू होतं.